पडतेस तिकडेच वळ

होळीच्या आधीचे दिवस होते. शहादा तालुक्यात, तापीच्या अलीकडच्या एका गावात, शाळेच्या मैदानावर दोन सायकली फिरत होत्या. एक नवी कोरी, लेडीज, हँडलच्या मुठींवरचे प्लास्टिकही न काढलेली. ती आठवीतल्या मुलीची. दुसरी तिच्या आजोबांची, काळी, दांडीची, कॅरिअरला जुन्या ट्यूबची पट्टी बांधलेली. तिच्यावर तिचा आठ वर्षांचा भाऊ होता. तिच्यावर म्हणजे खरे तर तिच्या आत. उजवा पाय दांडीखालून पलीकडच्या पायडलवर, उजव्या हाताचा विळखा सीटभोवती, डावा हात हँडलवर, आणि डोके जेमतेम हँडलच्या वर. कैची. पायडल पूर्ण फिरवायला पाय पुरत नव्हते, म्हणून तो अर्धे दाबायचा, मागे घ्यायचा, पुन्हा अर्धे दाबायचा. मागे घेताना फ्रीव्हील कटकट वाजायचे. सायकल एका अंगाला कललेली, मुलगा दुसऱ्या अंगाला लटकलेला, आणि ही सगळी तिरकी जोडी मैदानावरून सरळ चालली होती.

बहिणीला मात्र जमत नव्हते. दोन पायडल मारले की सायकल डावीकडे झुकायची, ती घाबरून हँडल उजवीकडे ओढायची आणि धाडकन डावीकडे पडायची. ओट्यावर बसलेली आजी ओरडत होती, "पुढे देख, खाले नको देखू!" भाऊ कैचीवरूनच जाता जाता म्हणाला, "ताई, पडतेस तिकडेच वळ ना."

त्या आठ वर्षांच्या मुलाने जे सांगितले ते सांगता येणारी माणसे जगात फार थोडी आहेत, हे मला नंतर कळले. तेव्हापासून या गोष्टीने मला धरून ठेवले आहे.

उभी सायकल स्टँड काढून सोडली की पडते. तीच सायकल चालती असली की उभी राहते. कोणालाही विचारा, का? "तोल सांभाळायचा असतो," एवढेच उत्तर येते. पण तोल सांभाळायचा म्हणजे नेमके करायचे काय? अंग इकडेतिकडे हलवायचे? तसे असते तर थांबलेल्या सायकलवरही अंग हलवून बसून राहता आले असते. ते डोंबाऱ्यालाच जमते.

तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ आठवा. काठी पुढे पडू लागली की आपण हात पुढे नेतो, डावीकडे पडू लागली की डावीकडे. काठीला आपण ओढून सरळ करत नाही, तिच्या बुडाखाली आधार नेऊन ठेवतो. सायकलचेही हेच. ती डावीकडे पडू लागली की हँडल डावीकडे वळवायचे. चाके डावीकडे धावतात, पडणाऱ्या अंगाच्या खाली जाऊन पोचतात, वळणाचा जोरही अंगाला उजवीकडे उचलतो, आणि सायकल पुन्हा उभी. मग ती उजवीकडे कलते, मग हँडल उजवीकडे. सायकल चालवणे म्हणजे अखंड पडणे आणि प्रत्येक पडणे सुरू होताच गाठणे. जीव वाचवण्याची आपली उपजत बुद्धी याच्या बरोबर उलटे सांगते, पडतोय त्याच्या विरुद्ध बाजूला ओढ म्हणते. त्या मुलीचे हात तेच ऐकत होते. शिकायचे असते ते एवढेच, की त्या एका क्षणी भीतीच्या दिशेने वळायचे.

याचा पुरावा मैदानावरच्या मातीत पडलेला होता. आमच्याकडची काळी माती फाल्गुनात भुकटी होते, तिच्यावर टायरची नक्षी स्पष्ट उमटते. बहिणीचा माग म्हणजे मोठा नागमोडी साप होता. एक वळण इकडे, एक तिकडे, आणि शेवटी पडल्याची फरपट. भावाचा माग लांबून सरळ रेघ वाटली. मी वाकून पाहिले तर तोही नागमोडीच होता, फक्त वळणे बोटभर. पुढच्या चाकाची रेघ मागच्या चाकाच्या रेघेला पुन्हा पुन्हा छेदत गेली होती. कितीही मुरलेल्या सायकलस्वाराचा माग पाहा, तो कधीच सरळ नसतो. हँडल कोणी घट्ट बांधून टाकले, तर आयुष्यभर सायकल चालवलेला माणूसही काही हातांवर जाऊन पडेल.

यात सायकल स्वतःही मदत करते, आणि हे घरी करून पाहता येते. सायकल नुसती सीटला धरून उभी करा, हँडलला हात लावू नका. आता ती डावीकडे कलवा. हँडल आपोआप डावीकडे वळते. उजवीकडे कलवा, उजवीकडे. ज्या बाजूला पडते त्या बाजूला ती स्वतःच वळते. गावातली पोरे काठीने टायर पिटाळत नेतात त्यातही हेच आहे. धावते टायर डावीकडे कलले की पडत नाही, डावीकडे वळते. वेगाने ढकलून सोडलेली रिकामी सायकल बरेच अंतर एकटीच जाते, ती याच गुणामुळे.

हा गुण कशातून येतो, यावर शास्त्रज्ञांनी शंभरहून जास्त वर्षे डोके घातले आहे. केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपल या विद्यार्थ्याने १८९९ मध्ये सायकलच्या गतीची समीकरणे मांडली. पुढे बरेच जण म्हणत राहिले की फिरते चाक भोवऱ्यासारखे स्वतःला सावरते, म्हणून सायकल उभी राहते. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने ते तपासायचे ठरवले. त्याने पुढच्या चाकाशेजारी एक दुसरे चाक बसवले आणि ते उलटे फिरवले, म्हणजे भोवऱ्याचा परिणाम शून्य. तरी सायकल त्याला चालवता आली. त्याने बोट दाखवले ते पुढच्या फोर्कच्या तिरकसपणाकडे. हँडलची दांडी तशीच खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकते त्याच्या थोडी पुढे टेकेल. त्यामुळे चाक दांडीच्या मागे ओढले जाते, दवाखान्यातल्या ढकलगाडीच्या छोट्या चाकासारखे. हेही अखेरचे उत्तर ठरले नाही. २०११ मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या अभियंत्यांच्या गटाने अशी एक छोटी सायकल बनवली जिच्यात भोवऱ्याचा परिणामही नव्हता आणि फोर्कचा तो तिरकस फायदाही नव्हता. ढकलल्यावर ती एकटी उभी चालली. पुढच्या भागाचे वजन कुठे आहे, यावरही पुष्कळ काही अवलंबून असते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे आज्याची काळी सायकल का उभी राहते याचे एका वाक्यातले उत्तर अजूनही नाही, आणि आठ वर्षांचा मुलगा ती हाफ पायडलवर पळवतो आहे.

वळण्याची गंमत तर याहून नवलाची. उजवीकडे वळायचे असेल तर हँडल आधी कोणत्या बाजूला जाते? उजवीकडेच, असे आपण छातीठोक सांगू. प्रत्यक्षात क्षणभर ते किंचित डावीकडे जाते. चाके डावीकडे सरकतात, त्यामुळे अंग उजवीकडे कलते, आणि मग त्या कलण्याला गाठायला हँडल उजवीकडे येते. विमान उडवण्याआधी राइट बंधू ओहायोतल्या डेटन गावी सायकली बनवून विकायचे. त्यांतल्या विल्बर राइटने कितीतरी सायकलस्वारांना विचारून पाहिले होते, की तुम्ही वळता कसे. पहिल्या झटक्यात पूर्ण बरोबर सांगणारा एकही त्याला भेटला नाही. हे सगळे लोक रोज न चुकता वळत होते.

मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९५८ च्या आपल्या ग्रंथात सायकलचेच उदाहरण घेतले. आपल्याला सांगता येते त्यापेक्षा खूप जास्त आपल्याला येत असते, हा त्याचा मुद्दा. तोलाचा नियम कागदावर लिहून दिला तरी तो वाचून कोणी सायकल शिकत नाही. भाकरी थापणाऱ्या आईला विचारा, पाणी किती घालायचे. "पिठाच्या अंदाजाने," म्हणेल. तिच्या बोटांना ते माहीत असते.

हा अंदाज शरीरात राहतो कुठे? प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांतला द्रव डोके जरा फिरले तरी हलतो आणि मेंदूला खबर देतो. डोळे क्षितिज कलल्याची खबर देतात. तळपाय, मांड्या, पाठीचा कणा आपापली खबर देतात. मेंदूच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असलेला छोटा मेंदू या खबरा जुळवतो आणि झालेली चूक पुढच्या खेपेला कमी करतो. नवशिक्याचे हँडल उशिरा आणि जास्त वळते, म्हणून माग नागमोडी होतो. शिकणे म्हणजे ते लवकर आणि कमी वळू लागणे. आजीचे "पुढे देख" शंभर टक्के खरे आहे, कारण लांब पाहिले की कलणे लवकर कळते. खाली चाकाकडे पाहणाऱ्याला ते पडता पडता कळते.

एकदा ही जुळणी झाली की ती सहसा पुसली जात नाही, इतकी की ती मोडायची तर वेगळा घाट घालावा लागतो. डेस्टिन सँडलिन या अमेरिकी अभियंत्याने एक सायकल चालवायला घेतली जिचे हँडल डावीकडे वळवले की चाक उजवीकडे वळायचे. बाकी सगळे तेच. त्याला ती चालवता यायला आठ महिने लागले. त्याच्या लहान मुलाला दोन आठवडे पुरले. लहान मेंदूत जुनी घडी इतकी घट्ट बसलेली नसते. आणि ती उलटी सायकल शिकल्यावर बापाला साधी सायकल चालवता येईना, ती परत यायला थोडा वेळ गेला.

मग शिकायचे कधी? २०२२ मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी याबाबत प्रसिद्ध केलेली पाहणी मला फार बोलकी वाटते. मागच्या चाकाला दोन छोटी साइड व्हील लावून सुरुवात केलेली मुले सरासरी सहा वर्षांच्या सुमारास स्वतंत्र सायकल चालवू लागली होती. ज्यांनी बिनपायडलच्या, पायाने जमीन ढकलत न्यायच्या छोट्या सायकलवर सुरुवात केली ती चार वर्षांच्या सुमारासच. कारण साधे आहे. साइड व्हील लावलेली सायकल कलतच नाही. जी कलत नाही ती पडत नाही, आणि जी पडत नाही तिच्यावर पडणे गाठायला शिकता येत नाही. मूल पायडल मारायला शिकते, जे सोपे आहे, आणि तोल, जो अवघड आहे, तो मागे राहतो. दोन चाकांच्या वाहनाचा इतिहासही याच क्रमाने गेला आहे. जर्मनीतल्या मानहाइममध्ये १८१७ साली कार्ल ड्राइसने लाकडी दुचाकी रस्त्यावर आणली, तिला पायडल नव्हतेच. माणूस पायाने जमीन ढकलत धावायचा. पायडल आले ते पुढे काही दशकांनी.

आता आमच्या खेड्यातली परंपरा पाहा. मूल आधी सायकल हातात धरून नुसती चालवत नेते, चक्कीवर, विहिरीवर, कुठेही. मग डावा पाय डाव्या पायडलवर ठेवून उजव्या पायाने जमीन ढकलत जाते. ही तर ड्राइसचीच गाडी, आणि हीच ती युरोपातली बिनपायडलची महागडी छोटी सायकल. मग कैची, आधी हाफ, नंतर फुल. मग दांडीवरून पाय टाकून उभ्याउभ्या. आणि उंची आली की सीट. या शाळेला मास्तर नव्हता, अभ्यासक्रम कोणी लिहिला नव्हता. घरात एकच सायकल, तीही वीसेक किलोची, बापाच्या मापाची, आणि मुलाचा पाय पुरत नाही, या अडचणीतून पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या हा क्रम घडवला. तो संशोधनाशी असा जुळावा, याने मी थक्क होते.

कैचीकडे तर पुन्हा एकदा नीट पाहावे. मुलाचे सगळे वजन सायकलच्या डाव्या अंगाला. सरळ उभ्या सायकलवर तो असा लटकला तर दोघे डावीकडे पडतील. म्हणून सायकल उजवीकडे कलवून ठेवायची, इतकी की दोघांच्या वजनाचा मध्य चाकांच्या रेषेवर यावा. पण सायकल कलली की तिचे हँडल आपणहून उजवीकडे वळू पाहणार, ते डाव्या हाताने सतत सावरायचे. त्यात अर्ध्या पायडलचा हिसका दर खेपेला वेगळा. इतकी गणिते सात-आठ वर्षांचे मूल एका उन्हाळ्यात सोडवते, आणि विचारले तर म्हणते, "असंच जमलं."

मी स्वतः कैचीवरच शिकले. पहिल्यांदा तोल सापडला तो क्षण मला आजही आठवतो. काय केले ते आठवत नाही. पायाखालचा कुठला तरी जडपणा नाहीसा झाला, एवढेच.

पण नंदुरबार जिल्ह्यात "कधी शिकायचे" हे नुसत्या मेंदूच्या वयावर ठरत नाही. एक तर जमीन ठरवते. तापीच्या खोऱ्यात, शहादा, तळोदा, नंदुरबारच्या सपाटीवर, कापूस, ऊस, केळी, पपईच्या शेतांमधून जाणारे रस्ते सायकलचेच आहेत. उत्तरेला सातपुडा चढू लागला की चित्र बदलते. चांदसैली घाट, देवगोईचा घाट ओलांडून धडगाव, मोलगीकडे गेले की पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले. तिथल्या पायवाटांवर सायकल म्हणजे ओझे. तिथल्या मुलांचा तोल वेगळ्या शाळेत तयार होतो. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन दगडावरून दगडावर उतरणारी दहा वर्षांची मुलगी मी पाहिली आहे. आश्रमशाळेसाठी सपाटीवर उतरली की अशी मुले सायकल वयाने उशिरा हातात घेतात, आणि मैदानावर पाहावे तर बघता बघता शिकतात. पाय आणि कान आधीच तयार असतात.

दुसरे म्हणजे, सायकल घरात कोणाच्या हाती पडते, हे ठरवते. वर्षानुवर्षे घरातली एकमेव सायकल बापाची, मग मोठ्या मुलाची, मग धाकट्याची. मुलीची पाळी येतच नसे, आणि दांडीची सायकल परकर-पोलक्यात चालवायची तरी कशी? या मैदानावर आठ वर्षांचा भाऊ तरबेज आणि तेरा वर्षांची बहीण नवशिकी आहे, त्याचे कारण मेंदूत शोधायला नको. तिला आजवर सायकल कोणी दिली नव्हती.

म्हणून मानव विकास कार्यक्रमातली सायकल मला इतकी मोलाची वाटते. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांसाठी असलेल्या या कार्यक्रमात, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घ्यायला अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते ३,५०० वरून ५,००० रुपये झाले. आपला जिल्हा त्यात आहे. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, तेव्हा कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी परिणाम मोजला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले होते, आणि शाळा लांब असलेल्या गावांत फरक जास्त पडला होता. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. खाणीत आणि शेतात राबणाऱ्या, मुले झालेल्या बायका. छोटा मेंदू म्हाताऱ्या वयातही शिकतो, त्याला वेळ थोडा जास्त लागतो इतकेच.

एक काळजी मात्र मनात घर करून आहे. तोल सहाव्या-सातव्या वर्षी येतो, रस्ता त्या वयात येत नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात दहा आणि बारा वर्षांच्या मुलांना कृत्रिम रस्त्यावर सायकलने चौक ओलांडायला लावले. दोन गाड्यांमधली जी फट मोठ्यांनी निवडली तेवढीच मुलांनीही निवडली. पण निघायला त्यांनी उशीर केला, त्यामुळे पलीकडे पोचेपर्यंत गाडी जवळ आलेली असायची. मुलाची सायकल सफाईदार चालते म्हणून त्याला उसाच्या ट्रॅक्टरांच्या रस्त्यावर एकटे सोडू नये. गाडी किती लांब आहे हे दिसणे वेगळे आणि आपले पाय किती वेळात हलतील हे कळणे वेगळे.

मैदानावर परत येते. भावाने आता कैची सोडली होती आणि तो बहिणीच्या मागे धावत होता. आधी त्याने कॅरिअर धरले. कॅरिअर धरले की सायकल कलत नाही आणि तिच्या हातांना काही कळत नाही, म्हणून मी त्याला म्हटले, सायकल नको धरू, ताईचे खांदे धर. त्याने हात वर नेला. थोडे अंतर गेल्यावर सायकल डावीकडे झुकली, आणि या वेळी तिचे हँडल डावीकडे गेले. सायकल उठली. उजवीकडे झुकली, हँडल उजवीकडे. त्याने हात कधी सोडला हे तिला कळलेच नाही. एक फेरी, दुसरी फेरी, मातीतला साप प्रत्येक फेरीला बारीक होत गेला. ओट्यावरून आजी उठून उभी राहिली होती.

चौथ्या फेरीला तिने ओरडून विचारले, "उतरू कशी?"

ते कोणी सांगितलेच नव्हते. थांबायचे म्हणजे वेग कमी करायचा, वेग कमी झाला की हँडल जास्त जास्त वळवावे लागते, आणि त्याच घडीला एक पाय सोडून जमीन शोधायची. तो वेगळाच धडा. भाऊ "ब्रेक दाब, डावा पाय खाली टाक" ओरडत बाजूने धावत होता. पाचवी फेरी झाली, सहावी झाली. शेवटी तिने मैदानाच्या कडेला रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाकडे सायकल वळवली आणि त्यात घातली.

काड्या मोडल्याचा आवाज झाला. ती उठली, कोपर झटकले, सायकल ओढून बाहेर काढली. हँडल एका बाजूला फिरले होते. तिने पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरले, हँडल दोन्ही हातांनी हिसडून सरळ केले, एक डोळा मिटून ते चाकाच्या रेषेत आले का पाहिले, आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवला.